चंदीगडची खुर्ची दारात आली तर

मंगळवार पेठेत माझं सुतारकाम आहे. हल्ली वेताच्या खुर्च्याच जास्त येतात. परदेशी लिलावात चंदीगडच्या जुन्या सरकारी खुर्च्यांना मिळालेले आकडे मोबाईलवर बघितलेला माणूस व्ही आकाराच्या पायांची खुर्ची टेम्पोतून उतरवतो आणि विचारतो, "मिस्त्री, ही चंदीगडचीच न्हवं?"

पहिलं काम, खुर्ची उलटी करा. पियरे जानरे या स्विस वास्तुकारानं चंदीगड शहर वसत असताना तिथल्या कचेऱ्यांसाठी जे सागवानी फर्निचर आखलं, त्यावर खातं आणि नंबर रंगानं छापलेला असायचा. तो सापडला तर त्याला पॉलिश पेपर लावू नका. मी एकदा लावला, साफ दिसावं म्हणून. मालकाचं तोंड अजून आठवतं.

पण नंबर आज पत्रा कापूनही छापता येतो, त्यामुळं तेवढ्यावर भुलू नका. मापंही फसवतात: ही खुर्ची अनेक छोट्या कारखान्यांत बनली, दोन अस्सल खुर्च्या तंतोतंत जुळतीलच असं नाही. मी झीज बघतो. हाताची जागा गुळगुळीत, पायाची टोकं खाल्लेली, बैठकीखालचं लाकूड वेगळ्या रंगाचं. सगळीकडं सारखंच 'जुनेपण' दिसलं की मला शंका येते. वेत चौकटीतल्या भोकांतून एकेक पट्टी ओवून विणलाय का, तेही बघा. खाचेत दाबलेली तयार जाळी असेल तर ती बैठक तरी नवी.

२०११ मध्ये केंद्रानं या वारशाची विक्री आणि निर्यात रोखायचा आदेश काढला. त्याआधी कितीतरी माल कंडम म्हणून लिलावात गेला होता. म्हणून विकत घेताना लिलावाची पावती मागा.

आता विणकाम. पट्टी अर्धा तास पाण्यात भिजवा, चकचकीत बाजू वर ठेवा. मधल्या भोकापासून सुरुवात. उभी, आडवी, परत उभी, मग आडवी खालीवर ओवून, शेवटी दोन तिरक्या. ओली असताना फार ओढू नका. वाळल्यावर शेकलेल्या हलगीसारखी आपोआप ताणते. आपल्याकडच्या आषाढात तर हे काम घेऊच नका, पट्टी वाळायच्या आत बुरशी धरते.

लाकडाला मेणाचा हलका हात पुरे, चकाकणारं पॉलिश नको. विणल्यावर दोन दिवस कुणाला बसू देऊ नका. आमच्या घरात ते जमत नाही, म्हणून मी खुर्ची खुंटीला टांगतो.