व्होगिंगचा सराव कुठून सुरू करावा

व्होगिंग, म्हणजे मॉडेलसारख्या मुद्रा ठोक्यावर बदलत करायचा नाच, शिकायचा असेल तर पावले पाठ करण्याआधी ही शैली कोणी आणि का घडवली हे जाणून घ्यावे, म्हणजे नाचताना समोर कोणाला तरी उत्तर द्यायचे आहे हे विसरले जात नाही. सौंदर्यस्पर्धांमधून गोऱ्या परीक्षकांकडून डावलल्या गेलेल्या कृष्णवर्णीय समलिंगी आणि पारलिंगी स्पर्धकांनी न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये स्वतःचे ‘बॉल’, म्हणजे पोशाख, चाल आणि नाच यांच्या स्पर्धा, भरवले. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्टल लाबेइजा यांनी ‘हाउस ऑफ लाबेइजा’ हे हाउस, म्हणजे बॉलमध्ये एकत्र उतरणारे मानलेले कुटुंब, उभे केले आणि घरच्यांनी नाकारलेल्या अनेक मुलांना अशा हाउसमध्ये ‘मदर’, म्हणजे त्यांना सांभाळणारी प्रमुख व्यक्ती, मिळाली. व्होगिंग बहरले ते याच बॉलमधल्या चुरशीत.

सरावाची सुरुवात जुन्या पद्धतीपासून, म्हणजे ‘ओल्ड वे’पासून करावी. फॅशन मासिकातील मॉडेलसारखी एक ठाम मुद्रा घ्यावी, ठोक्यावर ती बदलावी आणि प्रत्येक मुद्रेत कोपर, मनगट व हनुवटी यांची रेषा आरशात तपासावी. १९८२ मध्ये ‘हाउस ऑफ निन्जा’ स्थापन करणाऱ्या विली निन्जा यांच्या नाचाचे चित्रीकरण उपलब्ध आहे, ते जरूर पाहावे. इतकी स्वच्छ रेषा क्वचितच पाहायला मिळते. १९९० मध्ये अमेरिकन गायिका मॅडोनाच्या ‘व्होग’ या गाण्यामुळे ही शैली जगभर पोहोचली, पण त्याच्या व्हिडिओत नाचलेले होसे गुटिएरेझ आणि लुईस कमाचो ‘हाउस ऑफ एक्स्ट्राव्हागान्झा’चे होते, आणि त्यांची नावेही तितकीच लक्षात राहायला हवीत असे मला मनापासून वाटते.

पुढचा टप्पा ‘व्होग फेम’ या नंतरच्या, अधिक स्त्रैण शैलीचा. त्याची पाच अंगे आहेत: हातांची करामत, कॅटवॉक, डकवॉक, गिरक्या व डिप (पाठीवर पडणे), आणि जमिनीवरचा नाच. डकवॉकमध्ये चवड्यांवर उकिडवे बसून, पाठ ताठ ठेवून, ठोक्यावर आळीपाळीने पाय पुढे फेकत जायचे असते. गुडघे दुखत असतील तर तो सध्या सोडून द्यावा.

डिप मात्र घाईने करू नये. एक पाय दुमडून, त्याच बाजूचा हात आधाराला ठेवून, हनुवटी छातीकडे ओढून पाठ हळूहळू जमिनीवर टेकवावी आणि दुसरा पाय हवेत सोडावा. सुरुवातीला हे जाड गादीवरच करावे. सवय झाल्यावर ‘मास्टर्स अॅट वर्क’ या संगीतकार जोडीचे १९९१ मधील ‘द हा डान्स’ हे गाणे लावावे: त्यात दर चौथ्या ठोक्याला मोठा दणका येतो, आणि पाठ नेमकी त्याच क्षणी टेकली पाहिजे.