बेरोजगारीचा आकडा वाचायचा कसा? आधी पगार कोण ठरवतंय ते बघा

परवा अभ्यासिकेत परत तोच वाद. एकजण म्हणाला २०१३ ला स्पेनमध्ये २६ टक्के बेरोजगार होते आणि आपल्याकडं २०२२-२३ ला फक्त ३.२, मग आपण पुढं आहे की. दुसरा म्हणाला स्पेनच्या बेरोजगारीत सगळा घोळ युनियनचा. दोघंही पोटतिडकीनं बोलत होते पण अर्ध्या माहितीवर, म्हणून मी आकडा कसा वाचतो ते लिहितोय.

पहिलं बघायचं, बेरोजगार धरलंय कुणाला. काम नाही, शोधतोय आणि मिळालं तर करायला तयार आहे, एवढाच माणूस मोजतात, आणि आठवड्यात एक तास काम केलं असलं तरी जगभरच्या व्याख्येत तो रोजगारात जातो. आपल्या कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातली एखादी पोरगी बीएस्सी झालीय, नोकरीचे फॉर्म भरतीय आणि रोज सकाळी घरच्या दोन म्हशींच्या धारा काढून डेअरीला दूध घालतीय, तर हातात एक रुपया पगार नसताना पण ती कामात धरली जाते. त्यात आपला ३.२ हा वर्षभराच्या हिशोबावरचा आकडा, मापच वेगळं. शिवाय जिथं बेकारभत्ता नाही तिथं गरीब माणसाला रिकामं बसून नोकरी शोधणं परवडतंय कुठं? त्यामुळं ३.२ आणि २६ शेजारी शेजारी ठेवूच नका.

दुसरं, आणि हे लई महत्त्वाचं, पगार कुठल्या पातळीवर ठरतो. ह्यासाठी लांब जायला नको. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, युनियन आणि मालक बसतात, करार होतो, तो त्या एका कंपनीपुरता, शेजारच्या शेडला लागू नाही. इचलकरंजीत यंत्रमागाची मजुरी पिकावर (पीक म्हणजे कापडात पडणारा एक आडवा धागा), पिकाला किती पैसे हा रेट गावातल्या सगळ्या धंद्यासाठी म्हणून ठरतो. आणि साखर कारखान्यातल्या कामगाराचा पगार राज्याची त्रिपक्षीय समिती ठरवते, सरकार, कारखानदार आणि संघटना तिघं बसून. तीस-पस्तीस किलोमीटरात तीन पातळ्या!

आता हेच देशांना लावा. अमेरिकेत बहुतेक करार कंपनीपुरते. स्पेनमध्ये बरेच करार प्रांतातल्या त्या त्या धंद्याचे, म्हणजे मधली पातळी. ऑस्ट्रिया, स्वीडनमध्ये सगळे धंदे एकमेकांकडं बघून ठरवतात. काल्मफोर्स आणि ड्रिफिल ह्या दोन अर्थतज्ज्ञांनी १९८८ मध्ये मांडलं की दोन्ही टोकं बरी, मधली पातळी सगळ्यात अवघड. कारण साधं आहे, एका फौंड्रीत पगार फार चढला तर ऑर्डर शेजारी जाते हे कामगाराला दिसतं, आणि अख्ख्या देशासाठी बोलणाऱ्या नेत्याला महागाई आणि गेलेल्या नोकऱ्या आपल्याच माणसांच्या अंगावर येतात हे दिसतं, मधल्याला मात्र वाढ आपल्याला आणि झळ दुसऱ्याला असं होतं. नंतरच्या अभ्यासांनी ह्याला बरीच मुरड घातली, नुसती पातळी नाही तर ताळमेळ किती हे बघा म्हणाले. स्वीडनमध्ये १९९७ पासून निर्यात करणारे उद्योग पहिला आकडा ठरवतात आणि बाकीचे त्याच्या आसपास राहतात, आपल्याकडं एका साखर कारखान्यानं उसाची पहिली उचल (दराचा पहिला हप्ता) जाहीर केली की बाकीचे बघतात तसंच. तरी तिथं पण २०२४ ला बेरोजगारी ८ टक्क्यांच्या वर होतीच, हे विसरू नका.

तिसरं, मंदीत पहिला फटका कुणाला. २००९ ला माझा मावसभाऊ एका फौंड्रीत ठेकेदाराकडं मोल्डिंगला होता. ऑर्डरी थांबल्या, परमनंटवाले राहिले, ह्याला शनिवारी सांगितलं सोमवारपासून येऊ नको. बस्स. त्याच वर्षी जर्मनीचं उत्पादन ५ टक्क्यांहून जास्त पडलं, तिथं काय केलं तर माणूस काढायचा नाही, तास कमी करायचे आणि बुडालेल्या पगाराचा ६० टक्के, पोरबाळ असेल तर ६७ टक्के वाटा सरकारी बेकारी विम्यातून. बेरोजगारी थोडीच हलली. स्पेनमध्ये जवळजवळ तिसरा हिस्सा कामगार टेम्पररी होते, बांधकाम कोसळलं आणि आधी तेच बाहेर.

म्हणून युनियनला दोष देणाऱ्या मित्राला एवढंच विचारा, स्पेनमध्ये २००७ ला बेरोजगारी ८ टक्क्यांच्या आसपास होती, युनियन त्याच, करार त्याच पातळीवर, मग सहा वर्षांत २६ कशी झाली? २०१२ ला तिथं कंपनीच्या कराराला वरचढ केलं, २०२१ च्या शेवटी पगाराच्या बाबतीत परत धंद्याचा करार वर आणला आणि टेम्पररी भरतीला लगाम घातला, तरी त्यानंतर बेरोजगारी खालीच येत गेली. वहीत तीन रकाने आखा, मोजलं कसं, पगार ठरतो कुठं, मंदीत जातो कोण, आणि एकच देश घेऊन दोन वेगळ्या सालांचं भरा. मी स्पेनपासून सुरू केलंय, तुम्ही जर्मनीचं २००५ आणि २००९ घ्या.