फुकटचे सल्ले आणि राज्यसेवेचा अभ्यास

एमपीएससीच्या राज्यसेवा परीक्षेसाठी पुण्यात येणाऱ्यांना पुस्तकांची यादी देणारे पुष्कळ भेटतात. त्याच माणसांकडून न मागता जे बाकीचं मिळतं, त्याचं काय करायचं ते मी लिहिते आहे.

नातेवाइकांचं फार मनावर घेऊ नका. ‘तलाठ्याचा फॉर्म तरी भर’, ‘बी.एड. हाताशी असलेलं बरं’, आणि मुलगी असाल तर ‘स्थळं बघायला काय हरकत आहे?’ हे सगळं एकाच लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. तिथे प्रिलिम म्हणजे पूर्वपरीक्षा आणि मेन्स म्हणजे मुख्य परीक्षा यांतला फरक समजावत बसलात तर पुढचा प्रश्न ‘कलेक्टर कधी होणार?’ हाच येतो. ‘हो मामा, परीक्षा झाली की बघते’ म्हणायचं आणि जिलेबी वाढून घ्यायची. मामांना विचारपूस करायची असते, दुसरा विषय सुचत नाही.

आई-बाबांना मात्र असं टोलवू नका. खोलीभाडं, मेस, अभ्यासिकेची फी ते भरतात. ‘अजून किती दिवस?’ विचारायचा त्यांना हक्क आहे. मी लोकसेवा आयोगाचं वेळापत्रक बाबांना समोर बसून दाखवलं आणि कुठल्या वर्षापर्यंत थांबायचं तेही ठरवलं. खुल्या गटाला वयोमर्यादा ३८ आहे, पण तेवढी वर्षं घरच्यांनी पोसायचं असा त्याचा अर्थ नाही. हे आपण आधी बोललो की फोनवरचे सल्ले निम्म्यावर येतात. उरलेले ऐकायचे.

खरा धोका अभ्यासिकेखालच्या चहाच्या टपरीवर असतो. तिथले सीनियर दादा मनापासून सांगतात, आणि परीक्षा दिलेली असल्यामुळे त्यांचं खरंही वाटतं. पण त्यांनी दिलेली परीक्षा आता राहिलेली नाही. ‘सीसॅट पक्कं कर, प्रिलिम निघतेच’ हा सल्ला सीसॅटचे, म्हणजे प्रिलिममधल्या आकलन आणि तर्काच्या पेपरचे, गुण मेरिटमध्ये धरायचे तेव्हा बरोबर होता. आता तो पात्रतेपुरता आहे, ३३ टक्के मिळाले की झालं. मेन्सचं तर सगळंच बदललं. आधी ८०० गुण होते, त्यातले बहुतेक बहुपर्यायी प्रश्नांचे. २०२५पासून नऊ पेपर, सगळे वर्णनात्मक. मराठी-इंग्रजी पात्रतेपुरते, बाकीचे मिळून १७५० गुण, वर मुलाखतीचे २७५. अशा वेळी ‘वनलायनर पाठ कर, लिहिण्यात वेळ घालवू नकोस’ हे ऐकलंत तर एक वर्ष गेलंच म्हणून समजा.

म्हणून दादांना अदबीने एकच विचारायचं: ‘तुम्ही मेन्स कोणत्या वर्षी दिली?’ यात अपमान नाही. उत्तर जुनं असेल तर मान डोलवा आणि खोलीवर येऊन आयोगाच्या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम स्वतः वाचा. तो आणि मागचे पेपर एवढं समोर असलं की निम्मे सल्ले आपोआप गळतात.

काही सल्ले बोचतात आणि तरी कामाचे असतात. ‘तुझं अक्षर वाचता येत नाही, आणि दहा गुणांच्या उत्तराला तू पंचवीस मिनिटं लावतेस’ असं एका ताईने मला न विचारता सुनावलं होतं. राग आला. पण तिने माझी वही उघडून पाहिली होती. बाकी कुणी तेवढेही कष्ट घेतले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून मी घड्याळ लावून लिहायला लागले.