पहिल्या नोकरीला निघण्याआधी: शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी

निकालाची वाट पाहू नका. तयारी शेवटच्या सेमिस्टरलाच सुरू करा, आणि सुरुवात नावापासून करा.

मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. आपल्याकडे घरोघरी हीच गत. त्यात गावंडे एका कागदावर इंग्रजीत 'डब्ल्यू'नं, दुसऱ्यावर 'व्ही'नं. पीएफ म्हणजे भविष्य निर्वाह निधी, दर महिन्याच्या पगारातून कापून साठणारा पैसा. त्याचा नंबर आधारवरच्या नावानं निघतो. पॅन आणि बँकेतलं नाव त्याच्याशी जुळलं नाही, तर पुढे पैसे काढताना अर्ज परत येतो. दहावीच्या सनदेवरचं स्पेलिंग पक्कं धरा आणि बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. आधारवर नाव दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा केंद्रावर फॉर्म भरला की पावतीवरचं अक्षर न् अक्षर तिथंच वाचा. आधारला जोडलेलं सिम बंद पडलं असेल तर ओटीपी येत नाही, आणि तिथंच सगळं अडतं.

दुसरी अडचण पैशाची. रुजू व्हायचं जून-जुलैत, म्हणजे ऐन पेरणीत, बी-खतापायी घरात पैसा नसतो तेव्हा. कापूस-सोयाबीन विकलं की तेव्हाच थोडे बाजूला ठेवायला घरी सांगा. नागपूरजवळची बुटीबोरी एमआयडीसी असो की पुण्याजवळचं चाकण, कॉट बेसिसवर (खोलीत नुसती एक खाट भाड्यानं घेऊन) राहिलात तरी डिपॉझिट, पहिलं भाडं आणि मेसचे पैसे आगाऊच द्यावे लागतात. बऱ्याच कंपन्यांत पगाराची हजेरी २०-२५ तारखेला बंद होते; त्यानंतर रुजू झालात तर पहिला पगार थेट पुढच्या महिन्याच्या पगारासोबत येतो. दीड महिन्याचा खर्च जवळ हवा.

पगाराचा आकडा नीट समजून घ्या. वर्षाचं पॅकेज २,४०,००० म्हणजे महिन्याला हातात २०,००० नव्हेत. मूळ वेतन १२,००० धरलं, तर १२ टक्क्यांनी पीएफचे १,४४० तुमचे कापले जातात, आणि कंपनीचे १,४४० सुद्धा बहुधा त्याच पॅकेजातले असतात. पगार २१,००० पर्यंत असेल आणि कंपनीला ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) लागू असेल, तर पाऊण टक्का त्याचा. व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. मुलींना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर माफ. हातात १६-१७ हजार पडतात. घरी हाच आकडा सांगा, म्हणजे पहिल्या महिन्यात तुमचाही जीव टांगणीला लागणार नाही.

मूळ मार्कशीट आणि टीसी दाखवा, पण कंपनीकडे ठेवून देऊ नका, झेरॉक्स द्या. नोकरी लावायचे पैसे कुणी मागितले तर तिथूनच परत फिरा.