अपडेटनंतर डक्ट ‘टी’ऐवजी ‘टॅप’ने जुळतोय?

रेव्हिट या इमारत-डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की चालू प्रोजेक्ट लगेच तिच्यात उघडू नका. नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, आणि हे नेमकं सबमिशनच्या आदल्या रात्री कळतं! आधी कॉपीवर एक मेन डक्ट (हवेची वाहिनी), एक फाटा, दोन पाइप काढून बघा. जोड भलताच पडला, तर माउसवर राग काढण्याआधी टाइप प्रॉपर्टीजमधली राउटिंग प्रेफरन्सेस (कुठे कोणता जोड वापरायचा याची सेटिंग) उघडा. ‘प्रिफर्ड जंक्शन टाइप’ टी (फाट्यासाठी T आकाराचा वेगळा जोड) आहे की टॅप (फाटा थेट मेन डक्टला जोडलेला)? एल्बो (वळणाचा जोड), ट्रान्झिशन (माप बदलणारा जोड) यांच्या फॅमिली (तयार घटकांच्या फाइल) लोड आहेत ना? पाइपसाठी किमान-कमाल मापंही तपासा. सेटिंग बदललं तरी आधीची लाइन आपोआप सुधारत नाही. ती निवडून ‘रीअप्लाय टाइप’ द्यावं लागतं.