अख्खी टीम बचावाला कशी लागली: माझा अनुभव

भुसावळच्या आमच्या १४ वर्षांखालच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांचा एकच त्रास होता: चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे गेला की तिघं-चौघं त्याच्यावर तुटून पडायचे आणि पलीकडची बाजू मोकळी. ओरडून फरक पडेना, म्हणून सरावच नव्याने आखला.

फक्कीने मैदानाचे चार उभे पट्टे पाडले. चेंडू कडेच्या पट्ट्यात असला, की सगळ्यात लांबचा पट्टा खुशाल रिकामा सोडायचा. आधी हे नुसतं चालत-चालत करायचं. इटलीचे प्रशिक्षक आरिगो साक्की त्यांच्या मिलान क्लबकडून चेंडूशिवायच असा सराव करून घ्यायचे; पुढच्या-मागच्या फळीत साधारण २५ मीटर अंतर. १९८९ आणि १९९० चे युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) त्याच संघाचे.

मग सहा विरुद्ध सहा. खरा वेळ इथे द्यावा. जवळचा पोरगा "मी जास!" (मी जातो) ओरडत धावतो, पण शेवटची दोन पावलं आखूड टाकतो, अंग तिरकं ठेवतो आणि चेंडूवाल्याला कडेच्या रेषेकडे रेटतो. दुसरा त्याच्या पाठीशी तिरका. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मागे दिला की सगळी रांग वर. उन्हाळ्यात हे पहाटेच, छोट्या डावांत. इथलं ऊन पोरांना सोसवत नाही.

आता चेंडू डावीकडे असला की उजवा विंगर (कडेने खेळणारा) न सांगता आत सरकतो.