वीजबिल उतरवायचंय? पॅनेलआधी गच्ची, खिडकी आणि पंप बघा. या चुका टाळा

सोसायटीच्या मीटिंगमध्ये वीजबिलाचा विषय निघाला की पहिली सूचना सोलर पॅनेलची येते आणि दुसरी पाच स्टारच्या एसीची. इमारतींचे मीटर, पंप आणि गच्च्या तपासायच्या निमित्ताने मी अशा बऱ्याच मीटिंगांना बसलो आहे. दोन्ही सूचना चांगल्या आहेत, पण त्यांची वेळ शेवटी येते. आपण उन्हाला घरात शिरू देतो, मग ती उष्णता बाहेर काढायला यंत्र आणतो आणि त्या यंत्राला वीज पुरवायला पॅनेल लावतो. हा क्रम उलटा केला तर तिन्ही ठिकाणचा खर्च कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

न मोजता खरेदीला निघणं

बिलातला आकडा महिन्याभराचा असतो. वीज नेमकी कुठे जाते ते त्यातून कळत नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार, हे मीटरवरच छापलेलं असतं. समजा तिथे ३२०० लिहिलंय. घरातले दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज बंद करून सहा मिनिटं मोजा. दिवा ३२ वेळा लुकलुकला, तर काहीही चालू नसताना घर १०० वॉट खातंय. बहुतेक वेळा सेट टॉप बॉक्स, वायफाय आणि इन्व्हर्टरची म्हातारी झालेली बॅटरी सापडते. सतत १० वॉट घेणारा सेट टॉप बॉक्स महिन्याला सात युनिटं घेतो. मेन स्विच बंद केल्यावरही दिवा लुकलुकत राहिला, तर तुमच्या मीटरवर दुसऱ्याचा भार आहे किंवा मीटरमध्येच दोष आहे. अशा वेळी वायरमनला बोलवा आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्या.

घरगुती बिलात १००, ३०० आणि ५०० युनिटांचे टप्पे आहेत, हेही ध्यानात ठेवा. वरच्या टप्प्यातलं युनिट सर्वांत महाग असतं आणि बचत होते तेव्हा तेच आधी वाचतं. महिन्याला ३४० युनिटं वापरणाऱ्या घराने ४० वाचवली, तर महागडा टप्पाच बिलातून निघून जातो.

गच्चीकडे फक्त गळतीपुरतं बघणं

मे महिन्याच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे उन्हाळ्यात इमारतीवर सर्वांत जास्त ऊन भिंतींवर पडत नाही, गच्चीवर पडतं. काँक्रीटचा स्लॅब ते दिवसभर शोषतो आणि रात्री खाली सोडतो. वरच्या मजल्यावर रात्री अकरा वाजता पंख्याखाली गरम वारा लागतो तो यामुळेच. तिथला एसी रात्रभर त्या स्लॅबशी झगडत असतो.

जुन्या घरांनी याला उत्तरं शोधली होती. कोकणातल्या कौलारू घराचा पोटमाळा तापलेल्या कौलांना माजघरापासून दूर ठेवतो. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदावरचा मातीचा जाड थर तेच काम करतो. आपण स्लॅब टाकला आणि मधला थर मात्र विसरलो. चांगल्या चायना मोझॅकची (चिनी मातीच्या फरशीचे तुकडे बसवलेली) पांढरी गच्ची पुष्कळ ऊन परतवते. ते खर्चिक वाटलं तर होळीनंतर चुन्याचे दोन हात द्या किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग लावा. चुना पावसाळ्यात धुऊन जातो, दरवर्षी द्यावा लागतो, आणि तरीही परवडतो.

इथे दोन चुका नेहमी दिसतात. भेगा आणि कोबा दुरुस्त न करताच वरून रंग फासला जातो. तो पहिल्याच पावसात फुगून पापुद्रे धरतो आणि मग ‘पांढऱ्या रंगाचा काही उपयोग नाही’ असा सगळ्यांचा समज होतो. दुसरी चूक गळतीवर उपाय म्हणून घातलेल्या पत्र्याच्या शेडची. शेडची सावली चांगलीच, पण तिच्या बाजू बंद केल्या की खाली गरम हवा कोंडते. बाजू मोकळ्या ठेवा, वारा आरपार जाऊ द्या.

पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा

दक्षिणेच्या खिडकीला आडवा छज्जा पुरतो, कारण त्या बाजूने दुपारचं ऊन उंचावरून येतं. पश्चिमेला चार वाजता सूर्य खाली उतरलेला असतो आणि किरणं छज्ज्याच्या खालून थेट पलंगावर येतात. मग जाड पडदा लावला जातो. पण ऊन काचेतून आत आलं की उष्णताही आलीच. पडदा तापतो आणि खोली तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवायला हवं. त्यासाठी बांबूची चटई, वाळ्याचा पडदा, उभ्या पट्ट्यांची जाळी किंवा ग्रीलवर चढवलेला वेल, काहीही चालेल. बाल्कनी काचेने बंद करून बैठकीची खोली वाढवणाऱ्यांना मी कळकळीने सांगतो: तुमच्या घराची सावली देणारी जागा तुम्ही स्वतःच तापणारी पेटी करताय.

नवीन फ्लॅट घेणार असाल तर बिल्डरला भिंतीचं विचारा. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या भिंतीतून उष्णता हलक्या एएसी ब्लॉकच्या (हवेची छिद्रं असलेल्या काँक्रीटच्या) भिंतीपेक्षा कितीतरी लवकर आत येते. केंद्राने २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. छत सोडून बाकीच्या बाह्य आवरणातून आत येणाऱ्या उष्णतेची मर्यादा तिने दर चौरस मीटरला १५ वॉट ठरवली आहे. तुमची इमारत त्यात बसते का, हा प्रश्न बुकिंगच्या टेबलावर विचारण्याजोगा आहे.

एसी १८ वर, आणि मुंबईत कूलर

१८ वर लावल्याने खोली लवकर थंड होते, हा गैरसमज अजून गेलेला नाही. साधा एसी १८ वर असो की २४ वर, त्याच जोराने चालतो, १८ वर तो थांबत नाही एवढाच फरक. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या म्हणण्यानुसार तापमान एका अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे घरगुती एसी कारखान्यातून २४ अंशांवर लावून येतात. २६ वर ठेवून सोबत पंखा हळू चालवून बघा.

एसी नवा असूनही गार करत नसेल, तर आधी फिल्टर धुवा आणि मग बाहेरचं युनिट कुठे आहे ते पाहा. इमारतीच्या अरुंद डक्टमध्ये एकावर एक युनिटं बसवलेली असतील, तर खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो. गॅस भरून हा दोष जात नाही, जागा बदलावी लागते. कूलरची गोष्ट वेगळी. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात साधारण २०० वॉटचा कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत काम भागवतो, मात्र खिडकी उघडी हवी. मुंबई, रत्नागिरी, पणजीच्या दमट हवेत तोच कूलर खोलीत फक्त ओल वाढवतो.

नवे पंखे, जुने रेग्युलेटर

साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या इलेक्ट्रॉनिक मोटरचा पंखा ३० च्या आसपास. उन्हाळ्यात रोज १५ तास फिरणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला २० युनिटं वाचतात. त्यामुळे आधी बैठकीच्या आणि झोपायच्या खोलीतला पंखा बदला, पाहुण्यांच्या खोलीतल्याची घाई नको. पंखा गुणगुणतो, मध्येच थांबतो किंवा सर्किट जळतं, अशी तक्रार असेल तर भिंतीवरचा जुना रेग्युलेटर तसाच आहे का ते बघा. बीएलडीसीला थेट जोडणी लागते, वेग त्याच्या रिमोटवरून कमी-जास्त होतो. एलईडी बंद केल्यावरही मंद उजेड देत असेल, तर बटणातला बारीक दर्शक दिवा किंवा फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेलं बटण, यांपैकी काहीतरी कारण असतं. दुसऱ्या प्रकारात धोका आहे, दुरुस्ती लगेच करून घ्या.

पंपाचा हिशेब कुणीच न करणं

सोसायटीच्या कॉमन मीटरवर लोक जिन्यातले दिवे बदलतात आणि थांबतात. दिवे बदलायलाच हवेत. चोकसकट ५० वॉट घेणाऱ्या १४ ट्यूब १२ तास जळल्या की रोजची ८.४ युनिटं होतात, १८ वॉटच्या एलईडीवर ती ३ वर येतात. पण खरी गळती बहुधा पंपाच्या खोलीत असते.

सात मजली, २८ घरांची इमारत घ्या. रोज २० हजार लिटर पाणी साधारण ३० मीटर वर चढवायचं आहे. हजार लिटर एवढं उचलायला भौतिकशास्त्राच्या हिशेबाने ०.०८ युनिट लागतं. मोटर, पंप आणि पाइपमधली घट धरून ०.२ म्हणा. म्हणजे रोज चार युनिटं पुरायला हवीत. आता तुमचा पाच एचपीचा पंप किती वेळ चालतो ते वॉचमनला विचारा. तीन तास म्हणाला, तर तो १३ युनिटं खातोय. चार आणि तेरा यांच्यामधली नऊ युनिटं कुठेतरी वाहून जात आहेत.

मी आधी वरच्या टाकीचा फ्लोट, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, बघतो. तो अडकलेला असला की टाकी ओव्हरफ्लो होते आणि रात्री ते कुणाला दिसत नाही. मग नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. तो गळत असेल तर पंप थांबल्यावर चढवलेलं पाणी खाली परत येतं. पाइपला कान लावला तरी आवाज येतो. त्यानंतर दोन-तीनदा रिवाइंडिंग केलेली मोटर आणि झिजलेला इम्पेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक). सगळं ठीक असूनही फरक राहिला, तर जमिनीखालची पाइपलाइन फुटलेली असू शकते. दिवसभर नळ बंद ठेवून टाकीची पातळी मोजली की खरं-खोटं कळतं. नळांना एरेटर (तोंडावर बसणारी, पाण्यात हवा मिसळणारी जाळी) लावायला सांगतो तेही याचसाठी. मिनिटाला दहा लिटर सोडणारा नळ चार-पाच लिटरवर आला, की तेवढं पाणी वर चढवावंच लागत नाही.

सोलर घाईने

आधी सोलरच्या गरम पाण्याबद्दल. खालच्या मजल्यावर कोमट पाणी यायला पाच-सात मिनिटं लागतात, मग लोक कंटाळून गीझर लावतात. दोष बहुधा टाकीचा नसतो, उघड्या पाइपचा असतो. पाइपला वेष्टन आणि गरम पाणी फिरतं ठेवणारी परतीची लाइन, एवढ्याने बऱ्याच इमारतींचा प्रश्न सुटतो. बोअरच्या जड पाण्यात क्षार साचतात, टाकी आणि नळ्या दरवर्षी साफ करून घ्या.

विजेच्या पॅनेलसाठी केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला दर किलोवॉटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे. एक किलोवॉट सरासरी रोज चार युनिटं देतो. रोजची २० युनिटं लागत असतील तर पाच किलोवॉट हवेत. पंप आणि दिवे सुधारून गरज १२ वर आली, तर तीन पुरतात. म्हणून कोटेशन जुन्या बिलावर मागवू नका, दुरुस्तीनंतरची तीन महिन्यांची बिलं द्या. आणि डिसेंबरमध्ये, सूर्य दक्षिणेला कललेला असताना, सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत पाण्याच्या टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली गच्चीवर कुठवर सरकते ते खडूने आखून ठेवा. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच ओळीत जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटते. पॅनेल त्या रेषेच्या बाहेर बसवून घ्या.